वांग्याचं पथ्य

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर गेल्या चौदा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न गोळीबद्दलचा नाही. ही कशाची, किती दिवस घ्यायची, हिचा काही त्रास होतो का, असं सहसा कोणी विचारत नाही. पुडी हातात पडली, की माणूस काउंटरवर दोन्ही कोपरं टेकतो, जरा पुढे वाकतो आणि गुपित काढून घेतल्यासारखं विचारतो, "परेज काय?"

परेज म्हणजे परहेज, म्हणजे पथ्य. मी लग्न होऊन धामणगाव बढ्याला आले तेव्हा या एका शब्दानं माझं सगळं शिक्षण खुंटीला टांगून ठेवलं. बुलढाण्याच्या कारकुनाची मी मुलगी, फार्मसीचा डिप्लोमा केलेली, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, की पेशंटला औषध नुसतं देऊ नका, समजावून सांगा, दुष्परिणामांची कल्पना द्या. मी कल्पना देऊ लागले. सर्दीच्या गोळीनं झोप येईल, ट्रॅक्टर चालवू नका. अंगदुखीच्या गोळीनं पित्त होईल, उपाशीपोटी घेऊ नका. लोहाच्या गोळीनं परसाकडे काळं होईल, घाबरू नका. एका गृहस्थानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुडी काउंटरवर परत ठेवली.

"मॅडम, मी घरून एकच बिमारी घेऊन आलतो," तो म्हणाला. "तुमी चार देऊन राह्यल्या. मले आपली एकच बरी."

गेला की तो निघून. त्याच्या मागे उभ्या असलेल्या दोघांनीही आपापल्या चिठ्ठ्या खिशात घातल्या.

बरं, पथ्य विचारलं की मी खरं तेच सांगायची, "काही पथ्य नाही, सगळं खा." हे ऐकून माणसाचा चेहरा असा पडायचा, की जणू मी त्याला मुदत संपलेलं औषध दिलं. ज्याला पथ्य नाही ते औषध कसलं! पथ्य जितकं कडक तितकी दवा जोरदार, असा इथला हिशेब. एक बाई तर मला चक्क म्हणाली, "इतकी हलकी गोळी काऊन देता हो? परेजवाली द्या ना एखांदी." संध्याकाळी मी घरी जाऊन भांडी आपटायची. आमचे हे शाळेत शिक्षक आहेत, त्यांना रोज तीस पोरांची सवय. ते म्हणायचे, "तू एकदा तुझंच बीपी मोजून घे." मी आणखी एक भांडं आपटायची.

आता चाचांबद्दल सांगते. माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे त्यांचं शिलाईचं दुकान. साठी उलटलेली, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात टेप. गावातल्या निम्म्या बायकांची ब्लाउजं त्यांच्या हातची. घरात ते हिंदी बोलतात, आमच्याशी वऱ्हाडी, आणि मशीन बिघडलं की उर्दू. मी दुकान उघडलं त्या पहिल्याच दिवशी ते समोरून चहा घेऊन आले होते. "बेटी, दुकान उघडलं म्हंजे पयली चाय समोरच्याची," म्हणाले. तेव्हापासून सकाळचा चहा त्यांचा आणि दुपारचा माझा, असं चालत आलं आहे.

एकदा गावात तपासणीचं शिबिर झालं, त्यात चाचांचं बीपी निघालं. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली, कायमची. चाचांना ती काही पटेना. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, मग गोळी कायले? मला मात्र धडकी भरली, कारण चाचांचे मोठे भाऊही शिंपीच होते. त्यांना असंच बीपी होतं, त्यांनीही असंच म्हटलं होतं, आणि एक दिवस लकवा मारून उजवा हात गेला. शेवटची सहा वर्षं ते त्याच दुकानात खुर्चीवर बसून चाचांची कात्री चालताना नुसते बघत राहिले. मी ते पाहिलेलं होतं. चाचांच्या हाताचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

मी गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, घेऊन स्वतः त्यांच्या दुकानात गेले. माझी एक पद्धत आहे. कायमची गोळी असली, की दहा गोळ्यांच्या पत्त्यावर मी पेनानं पहिल्या दिवसाची तारीख लिहून देते, म्हणजे घरात कोणालाही मोजता येतं. तशी तारीख लिहिली आणि समजावलं, रोज सकाळी एक. बसलेलं असताना झटकन उठायचं नाही, चक्कर येऊ शकते. कधीकधी या गोळीनं घोट्याजवळ सूज येते. आली तर स्वतःहून बंद करायची नाही, मला सांगायचं, डॉक्टर बदलून देतील.

"पायाले सूज?" चाचांनी मशीनखाली पायडलकडे पाहिलं. "मंग पायडल कोन मारंल?"

"येईलच असं नाही हो चाचा. आली तर सांगा म्हणतेय मी."

"अन् परेज?"

"मीठ कमी खा."

"ते तर साऱ्या दुनियेले सांगतेत. या गोळीचं काय?"

"काही नाही. सगळं चालतं."

चाचा "हाव" म्हणाले. आठ दिवसांनी मी बटणं आणायला त्यांच्याकडे गेले, तर बटणांच्या डब्यात, पांढऱ्या बटणांच्या खाली, तो पत्ता. चार गोळ्या गेलेल्या, सहा शिल्लक. माझं डोकं सणकलं. तिथं गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्याचंही भान मला राहिलं नाही.

"चाचा, तुमाले परेज पाह्यजे ना? घ्या मंग! वांगं बंद! आजपासून वांग्याचा तुकडा जरी पोटात गेला तरी ही गोळी उलटंल, सांगून ठेवते!"

वांगंच का, ते मला आजही सांगता येणार नाही. रागात तोंडाला जे आलं ते बोलले. पण चाचांचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. त्यांनी पत्ता बटणांतून बाहेर काढला, शर्टाला पुसला आणि वरच्या खिशात ठेवला.

"आता कशी बोलली! ही झाली दवा. आदी काऊन नाई सांगतलं?"

दुसऱ्या दिवसापासून चाचा गोळी अशी घेऊ लागले, की घड्याळ लावून घ्यावं. सकाळी आधी मशीनला तेल, मग आपल्याला गोळी. रमजानात डॉक्टरांना विचारून सहेरीला. महिन्याभरात बीपी जागेवर. घोट्याला सूज नाही, चक्कर नाही. आणि मी? मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला. शिकून जे जमलं नाही ते चिडून जमलं, अशी मीच माझी पाठ थोपटून घेतली.

एकदा चटक लागली म्हणजे लागलीच. साखरेच्या गोळीला मी गवार बंद केली. थायरॉइडला भेंडी. एका पहिलवानाला दुखण्याच्या गोळीबरोबर चवळी बंद केली, तर तो दोन्ही हात जोडून गेला. गोळ्या वेळेवर जाऊ लागल्या, लोक दुसऱ्या गावांहून येऊ लागले, "बाईच्या हाताले गुन हाये" अशी कीर्ती झाली. अडचण एकच, कोणाला काय बंद केलं ते लक्षात ठेवावं लागायचं. एकदा दोन जावा एकदमच दुकानात आल्या. दोघींना एकच गोळी, पण थोरलीला मी भेंडी बंद केलेली आणि धाकटीला गवार. काउंटरवर दोघी अशा जुंपल्या, की मी मध्ये पडून "ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर असतं" असं ठोकून दिलं. धाकटी जाताना म्हणाली, "मले माईतच होतं, तिची प्रकृती भेंडीचीच हाये."

यात माझ्या मनाला एकच गोष्ट डाचत होती, आणि ती हिवाळ्यात जास्त डाचायची.

आमच्याकडे थंडी पडली, की भरीत पार्ट्या सुरू होतात. गल्लीच्या गल्ली कोणाच्या तरी मळ्यात जाते. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर ही मोठाली हिरवी वांगी भाजायची, सोलून लाकडी परातीत कुटायची, वर मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि सढळ हातानं तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. आणि आमच्या गल्लीचं भरीत कालवायचं ते चाचांनीच. बाकी कोणी हात लावला तर लोक जेवायला बसत नाहीत. चाचांच्या हातचं भरीत मी दोनदा वाढून घेते, याची गल्लीला सवय आहे.

वांगं बंद झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात चाचांनी भरीत कालवलं आणि चमचा माझ्यापुढे धरला. "बेटी, चाखून सांग. मीठ बराबर हाये का?" स्वतः ते मिरचीच्या ठेच्याबरोबर कोरडी भाकर खात बसले. दुसऱ्या हिवाळ्यातही तेच. लोक त्यांच्या हातच्या भरताची तारीफ करत होते आणि तो माणूस पाणी पिऊन कोरडा घास उतरवत होता. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण मग मी मनात म्हणायची, हात शाबूत आहे ना? राहू दे वांगं. आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

तिसरा हिवाळा आला. त्या वर्षी चाचांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालेलं होतं आणि तिचे सासरे, म्हणजे चाचांचे समधी, पहिल्यांदाच आमच्या पार्टीला आले होते. मी त्या दिवशी नव्हते, माहेरी गेले होते. पुढे काय झालं ते मला दीड महिन्यानंतर कळलं, तेही एका ब्लाउजमुळे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी मी चाचांकडे ब्लाउज टाकलं होतं. घरी आणून घातलं, तर उजवी बाही कोपरापर्यंत आणि डावी त्याच्या दोन बोटं वर. चाचांच्या हातून अशी चूक! तीस वर्षांत झाली नसेल. मला त्या वेळी शहाणपण सुचायला हवं होतं, पण मला सुचला राग. ब्लाउज हातात नाचवत मी रस्ता ओलांडला आणि दारातूनच सुरुवात केली, "चाचा, मले काय दोन वेगळे हात हायेत काय?"

चाचा मशीनवर डोकं टेकून बसले होते. वर पाहिलं तर डोळे लालबुंद. "बेटी, टेपावरचे आकडे दोन-दोन दिसून राह्यले," ते म्हणाले.

राग जागच्या जागी मेला. मी धावत जाऊन दुकानातलं बीपीचं मशीन आणलं. वरचा आकडा दोनशेला टेकलेला. मी दुसऱ्या हातावर लावलं, तिथंही तेच. गोळी घेता ना, म्हणून विचारलं, तर चाचांनी नजर चुकवून बटणांच्या डब्याकडे पाहिलं. मी डबा उपडा केला. बटणांबरोबर पाच पत्ते बाहेर पडले. चार पुरे, पाचव्यात तीन गोळ्या कमी. प्रत्येकावर माझ्याच अक्षरात तारीख. म्हणजे गोळी बंद करून दीड महिना झाला होता, आणि या दीड महिन्यात चाचा वेळच्या वेळी येऊन माझ्याकडून नवे पत्ते नेत होते.

"समध्यानं आपल्या हातानं घास भरवला," चाचा खालच्या आवाजात म्हणाले. "पयल्यांदा आलेला मानूस. नाई कसं म्हनू? खाल्लं मी. परेज तुटलं. तूच म्हनली होती, वांगं खाल्लं तर गोळी उलटंल. मंग दुसऱ्या दिवशीपासून नाई घेतली."

"मग मला सांगायचं ना! पत्ते कशाला नेत होता?"

"तू इतक्या जिवानं परेज सांगतलं. ते मोडलं म्हनून तुले वाईट वाटलं असतं."

मला त्या क्षणी आपलं तोंड कुठं लपवावं ते कळेना. त्या माणसाला माझ्या गोळीची भीती होती, माझ्या मनाची काळजी होती, आणि त्या दोन्हींच्या मध्ये त्याचा उजवा हात टांगलेला होता.

दुकान तसंच उघडं टाकून मी त्यांना ऑटोत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर नवीन होते, तरुण, लांबून बदलून आलेले, शुद्ध बोलणारे. त्यांनी तपासलं, बोटं हलवायला लावली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. "अजून काही बिघडलेलं नाही," म्हणाले, "पण आजोबा, आपण थोडक्यात वाचला आहात. गोळी का बंद केलीत?"

"परेज तुटलं, साहेब."

"कसलं परेज?"

"वांग्याचं."

डॉक्टरांनी आधी चाचांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "हे आपल्याला कोणी सांगितलं?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते वर गरगरणाऱ्या पंख्याकडे बघत म्हणाले, "बुजुर्ग लोकं सांगून गेलेत, साहेब."

मी गप्प राहू शकले असते. कोणाला काही कळलं नसतं, माझी कीर्ती शाबूत राहिली असती. पण ज्या माणसाला मी दोन हिवाळे कोरडी भाकर खायला लावली, तोच मला झाकत होता. हे काही मला सोसलं नाही. "मी सांगितलं होतं, सर," मी म्हणाले. "मेडिकल माझंच आहे. खोटं सांगितलं होतं. तसं काही पथ्य नाही."

"तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही फार्मसी शिकलात ना?"

"हो. शिकले."

आयुष्यात पहिल्यांदा मला राग आला आणि काढायला कोणी सापडलं नाही.

नर्सनं गोळी आणि पाणी आणून दिलं. आणि चाचांनी ओठ घट्ट मिटून घेतले. डॉक्टरांनी समजावलं, "आजोबा, वांग्याचा आणि या औषधाचा काहीएक संबंध नाही." चाचा नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुमी बाहेरचे. तुमाले इथल्या वांग्याचं काय माईत." मी म्हणाले, "चाचा, अहो मीच सांगते आहे ना, मी तेव्हा झूट बोलले." चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नाई बेटी. झूट तू आता बोलून राह्यली. मले धीर यावा म्हनून."

घ्या! तीन वर्षांपूर्वी खोटं बोलले तर लगेच खरं ठरलं, आणि आता खरं बोलतेय तर ते खोटं. समोर दोनशे बीपीचा माणूस, हातात गोळी, आणि ती त्याच्या घशाखाली उतरवायला माझ्याकडे एकही शब्द उरलेला नाही.

आता एक गोष्ट सांगावीच लागते, जी मी तोवर गावात कोणाला कळू दिली नव्हती. आमच्या ह्यांनी शेवटी मला बळेच बुलढाण्याला नेऊन तपासून आणलं होतं. बीपी होतंच. वर्षभरापासून मीही तीच गोळी घेत होते, त्याच ताकदीची. मेडिकलवालीलाच बीपी, हे लोकांना कळलं तर मला कोण विचारील, म्हणून मी गोळ्या पर्समध्ये लपवून ठेवायची.

मी पर्स उघडली आणि माझा पत्ता चाचांच्या हातात दिला. "हे बघा. हीच गोळी ना? नाव वाचा. मी घेते ही, एक वर्ष झालं. आणि परवाच्या रविवारी झालेल्या दुसऱ्या पार्टीत तुम्ही कालवलेलं भरीत मी किती वेळा वाढून घेतलं?"

"दोनदा," चाचा म्हणाले.

"उलटली का मला?"

चाचांनी खिशातून चष्मा काढला, नाव एकेक अक्षर लावून वाचलं. मग पत्ता उलटा केला. सवयीप्रमाणे मी माझ्याही पत्त्यावर तारीख घातलेली होती. चाचांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, आज तारीख कोन्ती?"

"एकवीस."

"बारा तारखेले चालू केला." चाचांनी बोटांवर मोजलं. शिंप्याचं मोजणं, त्यात सुताइतकाही फरक नाही. "आज दहावा दिस. हा पत्ता आज खाली पाह्यजे. ह्याच्यात चार हायेत."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते, नर्स बघत होती, दारातली झाडूवाली बाईसुद्धा आत येऊन बघत होती. मी "दुकानात घाई असते, विसरायला होतं" असं काहीबाही पुटपुटले. माझे कान तापले होते. गावभर सांगत फिरायचं, रोज घ्या, चुकवू नका, आणि स्वतःच्या पर्समध्ये चार गोळ्या.

चाचांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तुले कोनी परेज सांगतलं नसंल. म्हनून भुलत असशीन."

मग त्यांनी त्या चारातली एक बाहेर काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "आदी तू घे. मी पाह्यतो."

मी घेतली. चाचा बाकावर माझ्याकडे तोंड करून बसले. पाच मिनिटांनी विचारलं, "कसं वाटते?" मी म्हटलं, लाज वाटते. ते म्हणाले, "ते नाई, पोटात?" आणखी दहा मिनिटं गेली. डॉक्टरांनी मध्ये दोन पेशंट तपासून घेतले. माझ्यात काही उलटत नाही अशी खात्री झाल्यावर चाचांनी बिस्मिल्ला म्हणून आपली गोळी तोंडात टाकली आणि ग्लास रिकामा केला. मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, पदर तोंडात कोंबून मी रडले, आणि चाचा नर्सला सांगत होते, "घाबरू नका, ते गोळीनं नाई."

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत त्यांना तिथंच झोपवून ठेवलं. आकडा हळूहळू उतरला. हात वाचला. निघताना डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, पथ्यं परत घ्या सगळी."

सांगायला काय जातंय! पथ्य द्यायला एक वाक्य लागतं, परत घ्यायला वर्ष पुरत नाही. मी एकेकाला बोलावून सांगू लागले, की गवार खा, भेंडी खा, माझं चुकलं. लोक संशयानं बघायचे. पहिलवानाला वाटलं मी त्याच्यावर चिडले आहे. थोरल्या जावेनं तर भेंडी परत घ्यायला साफ नकार दिला. "तीन वर्ष सोडली तं मले हलकं वाटते. दिलेलं परेज कोनी वापस घेते काय?" आणि धाकटीला मी बोलावण्याआधीच कळलं की थोरलीचं भेंडीचं पथ्य उठलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तिची बिमारी बरी झाली अन् माही नाई?"

गोळीबद्दल समजावून सांगायची माझी रीत मात्र बदलली, आणि ती चाचांनीच बदलली. पायाला सूज येते का हे कसं ओळखायचं, असं त्यांनी मला त्या आठवड्यात विचारलं. मी सांगायच्या आत त्यांनी गळ्यातला टेप काढून घोट्याभोवती गुंडाळला आणि आकडा मापाच्या वहीत लिहिला. आता दर शुक्रवारी लिहितात. वहीच्या पानावर कोणाची छाती, कोणाची कंबर, आणि मध्येच "घोटा, साडेनऊ". चौदा वर्षांत एवढं साधं मला सुचलं नव्हतं. तेव्हापासून मी समोरच्याला आधी विचारते, की तुमचं काम काय, दिवस कसा जातो. त्रास काय होऊ शकतो ते त्याच्या कामात बसवून सांगते, आणि शेवटी म्हणते, "आता तुमी मले सांगा, काय करान?" वेळ जास्त लागतो. मागची रांग कुरकुरते. मी रांगेवर खेकसते, ते काही सुटलेलं नाही.

तरीही प्रत्येक जण जाताना कोपरं टेकतोच. "अन् परेज?"

या हिवाळ्यात भरीत पार्टी झाली. अख्खी गल्ली मळ्यात. धूर, लसणाचा वास, पोरांचा कल्ला. चाचा परातीशी बसलेले, हातात मोठा डाव. मी ताट घेऊन रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तसा चाचांनी डाव परातीत टेकवला आणि दुसरा हात पुढे केला.

"पत्ता."

"चाचा, इथं?"

"पत्ता दाखव."

चाळीस माणसं बघत होती. मी पर्समधून पत्ता काढून दिला. चाचांनी चष्मा लावला, तारीख वाचली, बोटं मोजली. एक गोळी जास्त निघाली. त्या सकाळी भाकरी थापायच्या घाईत राहिली होती, ही अगदी खरी गोष्ट आहे, पण मला ते सांगायचीही सोय नव्हती. चाचांनी बाजूच्या मडक्यातून पेलाभर पाणी काढलं आणि गोळीसकट माझ्यापुढे धरलं. मी ताट काखेत मारून अख्ख्या गल्लीसमोर गोळी गिळली. मेडिकलवालीला बीपी आहे, हे एका घोटात साऱ्या गावाला कळलं.

मग मागून थोरल्या जावेचा आवाज आला, "मॅडम, तुमाले परेज काय हो?"

मी काही बोलायच्या आत चाचांनी माझ्या ताटात भरीत वाढलं. मग स्वतःच्या ताटात वाढलं, चांगलं भरपूर, आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "हिले झूट बोलनं बंद हाये."

गल्ली हसली, मीही हसले. चाचांनी घास तोंडात घातला, डोळे मिटून सावकाश चावला आणि मला विचारलं, "कसं झालं?"

मीठ कमी होतं, आणि मी तसं सांगितलं.